तीन ओळींचं उत्तर

हैदराबाद,
३ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पंचाक्षरीदादाचा कांद्याचा ट्रक काल इथल्या बाजारात लागला आणि त्यानं तुझी पिशवी हॉस्टेलवर आणून दिली. धपाटे खोलीतल्या मुलींनी आल्याआल्याच संपवले. इरम्मा आत्याची शेंगाचटणी मात्र मी पेटीत घालून कुलूप लावलं आहे. आत्याला सांग, तुझ्या लेकाला बजाव, गाडी जोरात हाकू नको म्हणावं. हॉस्टेलच्या वॉचमनला तो सांगत होता की मी त्याची मामेबहीण नाही, त्याची डॉक्टर आहे. मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

इथं आल्या दिवशीच मोबाइल क्लासच्या ऑफिसात जमा करून घेतला. परीक्षा होईपर्यंत मिळायचा नाही. घरी काही बरंवाईट झालं तरच ऑफिसच्या फोनवर बोलावतात. तुला तसं बरंच आहे. फोनवर तुला काही सुचत नाही आणि कागदावर तू संपत नाहीस.

आई, किर्गिझस्तानातली सहा वर्षं इथं कुणी जमेस धरत नाही. परवान्याची परीक्षा पास झाल्याशिवाय नावाआधी डॉक्टर लावता येत नाही, कुणाला साधी गोळी लिहून देता येत नाही. दोन्ही वेळा मला मेडिसिननं पाडलं. तिकडं आजारी माणसं त्यांच्या भाषेत बोलायची, आम्ही मागं उभं राहून माना हलवायचो. आता प्रश्नात आजाऱ्याची हकीकत देतात आणि कोणता आजार, कोणती तपासणी, पहिलं औषध कोणतं हे विचारतात. पुस्तक पाठ आहे, पण हकीकत वाचली की सगळं एकमेकांत मिसळतं.

म्हणून तुला एक काम सांगते. तू मला आजारी माणसं लिहून पाठव. तुझ्या आठवणीतली, केव्हाच बरी झालेली. त्यांनी स्वतःच्या तोंडानं जे सांगितलं तेवढंच लिही. नाव, नातं लिहायचं नाही, नाहीतर मी माणसावरून ओळखीन. मी तीन ओळींत उत्तर लिहीन: आजार, तपासणी, पहिलं औषध. आमचे सर तसंच सांगतात. जास्त लिहिणारा मागं पडतो.

अप्पांनी स्टँडजवळची खोली दवाखान्यासाठी धरून ठेवली आहे हे मला दादाकडून कळलं. त्यांना म्हणावं, एवढ्यात रंग देऊ नका. ही तिसरी खेप. या वेळी नाही झालं तर मी पुन्हा बसणार नाही, हे तुला एकटीला सांगून ठेवते.

तुझ्या आशीर्वादाची नेहमीपेक्षा जास्त गरज असलेली,
शिवप्रिया


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
९ नोव्हेंबर

चि. शिवप्रिया हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. मेल्यासारखं झालं असलं काही लिहू नये. कातरवेळी वाचलं आणि मला उठून देवापुढं दिवा लावावा लागला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत आहे. महिना संपला म्हणून चांगला कागद टाकवत नाही.

तुझ्या अप्पांनी खोलीला रंग दिला. मी म्हटलं थांबा, तर म्हणाले की रंग स्वस्तात मिळाला, पुढं मिळायचा नाही. भुसार दुकानात बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात की संक्रांतीनंतर पोरगी बसणार.

आता तुझं काम. पहिली बाई. दम लागतो, नळावरून घागर आणताना दोनदा टेकते, डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि खाऊ नये ते खावंसं वाटतं. लेकराच्या दप्तरातून पाटीवरच्या पेन्सिली काढून खाते आणि लेकराला मार बसतो. ते सांगताना हसते पण.

दुसरी बाई. उमर पन्नाशीच्या पुढं. हाताचं काम करते. सकाळी उठल्यावर हाताची बोटं मिटत नाहीत, ऊन अंगणात उतरेपर्यंत तशीच ताठ. मग हळूहळू मोकळी होतात. दोन्ही हात सारखेच सुजलेले, मधली पेरं चेंडूसारखी, मनगटं ऊन ऊन लागतात. पावसाळ्यापासून चालू आहे. ती म्हणते की हात माझे नाहीत, कुणाचे तरी उसने आणून लावलेत. जेवण कमी झालंय. ताप येतो, पण मोजला नाही.

बघ जमतं का. इरम्मा वन्संनी आशीर्वाद सांगितलाय. त्या म्हणतात, पोरीला म्हणावं पास होऊन लवकर ये, दुसऱ्या डॉक्टरला मी काही हात दाखवणार नाही.

पोटभर जेवत जा, आणि सोमवार धरू नको, तुझ्या वाटणीचा मी धरते.
तुझी,
आई


हैदराबाद,
१४ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, तू प्रश्न काढायला पाहिजेस! दोन्ही केसा मी खोलीत मोठ्यानं वाचून दाखवल्या. मुली म्हणाल्या की एवढी नीट हकीकत आम्हाला वॉर्डातसुद्धा मिळाली नव्हती.

पहिली. आजार: लोह कमी पडून रक्त कमी झालं आहे. तपासणी: रक्तातलं हिमोग्लोबिन आणि लोह. औषध: लोहाची गोळी, लिंबू पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. पेन्सिल खाणं हीच खूण.

दुसरी. आजार: संधिवात, त्यातला दोन्ही बाजूंच्या लहान सांध्यांना धरणारा, ज्याला आमवात म्हणतात. तपासणी: रक्त, लिव्हर, किडनी, हातांचे एक्सरे. पहिलं औषध: मेथोट्रेक्सेट, सोबत सुरुवातीला दुखण्यावरची गोळी.

सरांनी माझी वही बघून सगळ्यांसमोर शाबास म्हटलं. या वर्षात पहिल्यांदा. मी जेवताना एकटीच हसत होते. दुसऱ्या केसला मी एवढासुद्धा वेळ घेतला नाही, पहिली चार वाक्यं वाचूनच हात आपोआप चालला. आई, मला वाटतं या वेळी होणार.

आणखी पाठव. अवघड पाठव. तुझ्या माहेरच्या बेंबळीत तर प्रत्येक घरात एक आजारी असायचा असं तूच सांगायचीस.

आत्याच्या चटणीची पेटी अजून कुलपातच आहे. तिला तिखटाएवढाच गोड नमस्कार.

तुझ्या शब्दांची वाट बघणारी,
शिवप्रिया


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
२२ नोव्हेंबर

चि. सौ. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद. वाशीतली सगळी मंडळी खुशाल असतील.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा बिघडलं असं तुझ्या यजमानांकडून कळलं. यंत्र असलं काय न् नसलं काय, तू माझं ऐकणारी कधीच नव्हतीस. म्हणून आपल्या बहिणी-बहिणींचं पत्रच बरं.

तुला एक आनंदाची गोष्ट सांगते, पण तुझ्यापाशी ठेव. शिवप्रियाला वाटतं की मी जुने आजार आठवून तिला सरावाला लिहिते. मला कुठलं एवढं आठवायला! मी आपल्या गल्लीतलीच माणसं लिहिली. आमची शेजारीण धुरपदाबाई पेन्सिली खायची, ते लिहिलं. पोरीचं उत्तर आलं, तशी गोळी मी तिला आणून दिली. बाई आता घागर घेऊन सरळ घरात जाते, कुठं टेकत नाही. एवढं सोन्यासारखं उत्तर आलेलं, ते कागदावरच ठेवून वाया घालवायचं का, तूच सांग.

दुसरी केस आमच्या इरम्मा वन्संची. तुला माहीत आहे, धाब्यांना कडक भाकरी करून देतात, त्यावर आणि पंचाक्षरीच्या गाडीवर त्यांचं घर चाललेलं. बोटं अशी झाली होती की परात धरवत नव्हती. धाराशिवला चला, सोलापूरला चला म्हणून मी पाय धरायचेच बाकी ठेवले होते. एकच धरून बसल्या की शिवा डॉक्टर होऊन आली म्हणजे तिलाच दाखवीन. मी म्हटलं, मग शिवाचंच औषध आलंय. लगेच तयार झाल्या.

पोरीचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, म्हणून मी स्वच्छ अक्षरात चिठ्ठी केली. वर डॉ. शिवप्रिया कल्याणप्पा असं लिहिलं. खोटं थोडंच आहे? दोन महिन्यांनी होणारच. तपासण्या काही उतरवल्या नाहीत. आजार कोणता ते तर कळलंच आहे, मग रक्त काढून, फोटो काढून पुन्हा तेच विकत कळून घ्यायचं, हे मला पटेना. मेडिकलवाल्यानं विचारलं की गोळी कशी घ्यायची ते चिठ्ठीत नाही. मी सांगितलं, रोज एक, जेवणानंतर, बाकी गोळ्यांसारखी. त्यानं पाकिटावर तसं लिहून दिलं.

वन्सं रोज पूजा झाली की गोळी कपाळाला लावून मग तोंडात टाकतात. चार दिवसांतच हाताची आग कमी झाली म्हणाल्या. साऱ्या गल्लीत हात नाचवून दाखवतात. धुरपदाबाईला म्हणाल्या की शिवा डॉक्टरची पहिली पेशंट मी, तू दुसरी. धुरपदाबाई म्हणाली, व्हय, पण बरी मी आधी झाले! दोघींची रोज तीच भांडणं.

पोरीला मी हे पास झाल्यावर सांगणार. दोनदा नापास झालेलं लेकरू आहे, त्याला कळू दे की तुझ्या हाताला गुण आहे.

डाळीचं वाळवण पाठवते, डबा आठवणीनं परत कर.
तुझी अक्का,
महानंदा


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
६ डिसेंबर

चि. शिवप्रिया हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

देव अणदूरहून आपल्याकडं आले. गर्दी होती तरी तुझ्या नावानं भंडारा उधळून आले. तुझ्या अप्पांनी खोलीत टेबल आणून ठेवलंय. आता मी बोलणं सोडून दिलंय.

मागच्या दोन बायांचं उत्तर अगदी बरोबर होतं, एवढंच तुला सांगते. कसं कळलं ते विचारू नको.

आता तिसरी केस घे. बाई. तोंडात फोड आलेत, जिभेवर, गालाच्या आत, ओठांच्या कडेला. पाणीसुद्धा घशाखाली उतरताना डोळ्यांतून पाणी येतं. उष्णता म्हणून तूप, सब्जा, जायफळ सगळं करून झालं. चार दिवस झाले, ताप आहे, थंडी वाजून येतो. काल मांडीवर निळे डाग दिसले. कुठं आपटलं म्हणून विचारलं, तर आपटलं नाही म्हणते. दात घासताना रक्त येतं. बोलणं कमी झालंय. ही बाई फार बोलणारी आहे, म्हणून ते मुद्दाम लिहिलं.

उत्तर जरा लवकर पाठव. पंचाक्षरीची गाडी कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे पोस्टात टाकते. तूही पोस्टानंच पाठव.

जपून राहा, तुझ्यावरच सगळं आहे.
तुझी,
आई


हैदराबाद,
११ डिसेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी तू मला फसवायला निघालीस, पण फसले नाही.

तुझ्या तिसऱ्या केसमध्ये आजार विचारायचाच नाही. आधी विचारायचं की बाई कोणतं औषध घेते. तोंडात फोड, ताप आणि न आपटता निळे डाग, हे तिन्ही एकत्र आले म्हणजे हाडाच्या आतल्या मगजानं रक्त तयार करणं थांबवलं. परीक्षेत हा सापळा फार आवडीचा आहे. आमवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. म्हातारी माणसं ती चुकून रोज घेतात आणि असं होतं. मागच्या केसमध्ये तू आमवात दिलास आणि या केसमध्ये त्याच गोळीचा घोटाळा. सरसुद्धा म्हणाले की तुझी आई एकाला एक जोडून शिकवते, हे आमच्या क्लासात कुणाला सुचलं नाही.

उत्तर: मेथोट्रेक्सेटची विषबाधा. तपासणी: रक्तातल्या पेशी, किडनी. पहिलं औषध: गोळी त्याच क्षणी बंद, फोलिनिक ॲसिड, आणि मोठ्या दवाखान्यात भरती, त्याच दिवशी. उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही.

हे कुठून काढलंस ते सांग. बेंबळीतलं कुणी होतं का? ती बाई वाचली का?

आत्याला म्हणावं, चटणीची पेटी काल उघडली. भात, चटणी आणि तेल. मी डोळे मिटून खाल्लं.

तुझ्यावर गर्व असणारी,
शिवप्रिया


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
१९ डिसेंबर

चि. शिवप्रिया हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. पंचाक्षरी गाडीवर नाही. आपल्या इरम्मा वन्सं सोमवारी सोलापूरच्या दवाखान्यात वारल्या.

तुझ्या अप्पांनी बजावलं होतं की परीक्षा होईपर्यंत तुला काही कळवायचं नाही. मीही कळवणार नव्हते. पण तुझं पत्र वाचलं आणि मग माझ्यानं दुसरं काही लिहवेना. तू विचारलंस की ती बाई वाचली का.

तिन्ही केसा खऱ्या. पहिली धुरपदाबाई. दुसरी आणि तिसरी इरम्मा वन्सं. तुझं उत्तर मी चिठ्ठीवर उतरवलं, वर तुझं नाव घातलं, मेडिकलमधून गोळी आणली आणि रोज एक घ्यायला सांगितली. तोंड आलं तरी मी गोळी चुकवू दिली नाही. त्या नको म्हणायच्या, तर मी मऊ भातात कुस्करून भरवायची. तुझं औषध म्हणून.

त्याच्या आदल्या मंगळवारी नाकातून रक्त आलं तेव्हा पंचाक्षरीनं उचलून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या चालू होत्या असं विचारलं. त्यानं दुखण्याच्या म्हणून सांगितलं, त्याला तेवढंच ठाऊक. मी बाहेर पायरीवर जप करत होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला काय ठाऊक होतं? शेवटी रक्तात ताप गेला असं म्हणाले.

त्यांना आपल्या रीतीप्रमाणं बसवून समाधी दिली. हातात इष्टलिंग ठेवताना बोटं सरळ होती. सूज पार उतरली होती. धुरपदाबाई ते बघून मोठ्यानं रडली की बघा, हात चांगले झाले होते आणि आता माणूस गेलं.

कुणालाही काही माहीत नाही. अप्पांनाही नाही. चिठ्ठी मी चुलीत घातली. तू परीक्षा दे. जे झालं ते माझं आहे. तुला त्यात धरू नको. तुझ्या पायांत मी येणार नाही, पण तूही आता कुणापाशी बोलू नको, एवढं आईचं ऐक.

पण एक विचारते, रागावू नको. तुला ठाऊक होतं ना की गोळी आठवड्याची आहे? मग पहिल्या पत्रात का लिहिलं नाहीस?

तुझी,
आई


हैदराबाद,
२७ डिसेंबर

आईस,
नमस्कार.

नाही लिहिलं, कारण पहिलं औषध कोणतं हे विचारतात तेव्हा ते कसं घ्यायचं हे विचारत नाहीत. चार औषधं दिलेली असतात, एकावर खूण करायची. आठवड्यातून एकदा, हे दोन शब्द लिहायला मला शाईसुद्धा लागली नसती. सरांनी शाबास म्हटलं त्या उत्तरात ते नव्हते. सरांनाही ते दिसलं नाही. आम्ही कुणी माणूस बरं करत नव्हतो, आई. आम्ही उत्तर बरोबर करत होतो.

पण मी तपासण्या लिहिल्या होत्या. त्या तू गाळल्यास. त्या केल्या असत्या तर कुठल्यातरी दवाखान्यात जावं लागलं असतं, कुणीतरी खरा डॉक्टर समोर बसला असता, त्यानं गोळी कशी घ्यायची ते सांगितलं असतं. तू उरलेलं डाळ-तांदूळ जपतेस तसं माझं उत्तर जपलंस. बरी झालेली माणसं लिही, असं मी सांगितलं होतं. माझ्या नावाआधी डॉक्टर लावता येत नाही, असंही सांगितलं होतं. तुला दोन महिने धीर धरवला नाही आणि अप्पांना रंग थांबवला नाही.

आणि मी? लहानपणी तापात असताना आत्याचा हात कपाळावर असायचा. आता तू तेच हात सुजलेले म्हणून लिहून पाठवलेस आणि मी ते कुणाचे हे क्षणभर मनात आणलं नाही. चार वाक्यांत हात चालला म्हणून मी हसत होते.

काल पंचाक्षरीदादा आला. स्वतःच्या आईचं दुःख घेऊनही माझ्यासाठी बोरं आणली होती. काही पत्र न्यायचं आहे का विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. तू नको म्हणालीस तरी. त्यानं बराच वेळ बोरांच्या पिशवीची गाठ सोडली नि बांधली. मग विचारलं की ते उत्तराचं पत्र कोणतं, जे त्यानं गाडीतल्या देवाच्या फोटोमागं खोचून नळदुर्गला नेलं होतं तेच का. मी हो म्हटलं. म्हणाला की इथून पुढं त्याच्याकडं पत्र द्यायचं नाही. पोलिसात जाणार का विचारलं, तर नाही म्हणाला. आई गेली ती गेली, पण तिच्या मरणाची गोष्ट स्टँडवर चहासोबत चघळली जाऊ नये, एवढंच पाहिजे. तू आणि मामी, दोघी तोंड बंद ठेवा, असं सांगून गेला. मामीनं आमच्या दारात येऊ नये, असंही.

मी परीक्षेला बसणार आहे. चांगली मुलगी म्हणून नाही. दुसरं मला काही येत नाही म्हणून. आजपासून केस पाठवू नको. पत्रही परीक्षेपर्यंत नको.

शिवप्रिया


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
२ फेब्रुवारी

चि. शिवप्रिया हिस,
आईचे आशीर्वाद, तुला चालत असतील तर.

निकाल तुझ्या अप्पांच्या मोबाइलवर कळला. पास झालीस. तू फोन त्यांनाच केलास, मला बोलावलं नाहीस, ते मी समजले. ही सगळी हकीकत तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते. रागावून फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

अप्पांनी लगेच पेढे आणले आणि सगळी गल्ली घरी बोलावली. मी ताट फिरवत होते. धुरपदाबाई पेढा घेता घेता म्हणाली की तिचेही हात हरभरा काढून फार दुखतात, म्हणून तीन दिवसांपासून तिनं इरम्माचीच गोळी चालू केलीय. मेडिकलवाल्याला म्हणे सांगितलं, इरम्माला शिवा डॉक्टरनं दिलेली तीच दे, आणि त्यानं दिली. पलीकडच्या दोघीजणींनीही तिच्याच पाकिटातून घेतल्यात. गोळी चांगली आहे, इरम्माचे हात त्यानंच बरे झाले, बिचारी तापानं गेली नसती तर आज भाकरी करत असती, असं सगळ्यांना सांगत होती.

मी ताट खाली ठेवलं. तिला आत बोलावून म्हटलं की ती गोळी तुला चालायची नाही, टाकून दे, दवाखान्यात दाखव. ती हसली. म्हणाली, आता पोरगी मोठी डॉक्टर झाली, आता आमाला फुकट गोळी कशी चालंल! मी हात जोडले. तशी ती चिडली, बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाली की नणंदेला दिली ती शेजारणीला द्यायला महानंदाच्या पोटात दुखतंय. त्या दोघी तिच्या बाजूनं बोलायला लागल्या. अप्पा मला दटावायला लागले की आनंदाच्या दिवशी तोंड सांभाळ.

पंचाक्षरीनं सांगितलेलं मला आठवत होतं. तू लिहिलेलं आठवत होतं. तुझं नाव, ती रंगवलेली खोली, सगळं डोळ्यांपुढं होतं. आणि समोर तिघीजणी पेढे खात होत्या, घरी जाऊन जेवून गोळी घ्यायच्या होत्या.

मी मोठ्यानं सांगितलं. इरम्मा तापानं गेली नाही, या गोळीनं गेली. आठवड्याची गोळी मी तिला रोज चारली. चिठ्ठीवर नाव शिवप्रियाचं होतं, पण अक्षर माझं होतं, आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणाला खरं वाटलं नाही.

धुरपदाबाईनं तोंडातला पेढा पदरात काढला. बाकीच्या उठून गेल्या. पंचाक्षरी दारात उभा होता. तुझं अभिनंदन म्हणून हार घेऊन आला होता बिचारा, मला माहीत नव्हतं. त्यानं हार जोत्यावर ठेवला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत स्टँडवर गोष्ट पोचली. लोक माझं अक्षर विसरले, तुझं नाव तेवढं धरलं. खोलीचा मालक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला की त्याला ती मोबाइल दुरुस्तीवाल्याला द्यायची आहे. अप्पांनी टेबल उचलून आणलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. वाढलं की जेवतात. बहिणीचा फोटो त्यांनी दुकानात नेऊन लावलाय.

नळदुर्गात आता तुझ्याकडं कुणी येणार नाही. तू इथं येऊ नको, असं मी म्हणत नाही. पण आलीस तर हे सगळं ठाऊक असून ये.

त्या तिघींना मी उमरग्याला दवाखान्यात नेलं. येते म्हणून आल्या नाहीत, मी त्यांच्या दारात बसून राहिले म्हणून आल्या. रक्त तपासलं, ठीक आहे म्हणाले, पण आणखी काही दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. तोंडात फोड दिसतात का ते बघायला. म्हणून रोज सकाळी पूजेआधी धुरपदाबाईकडं जाते. ती ओसरीवर येऊन उजेडाकडं तोंड करून बसते, मला जीभ, गाल, ओठ सगळं बघू देते. मग पदर सावरून आत निघून जाते. दार लोटून घेते.

आज फोड नव्हता.

तुझी,
आई